एकतिसावं पान

या मंडळी, असे जवळ सरका. ज्या सिनेमाच्या शेवटाला तुम्ही पोट धरून हसलात, त्याची गोष्ट सांगतो. देवाशपथ, एक अक्षर पदरचं घालणार नाही.

एक लेखक होता. बायको गेली, आता घर कोण बघणार, या धास्तीनं त्यानं लेकीला आलेलं कॉलेजच्या प्रवेशाचं पत्र कपाटात अंथरलेल्या कागदाखाली दडवलं. लेकीला वाटलं, आपली निवडच झाली नाही. वीस वर्षं ती त्याच्यासाठी खपली. तोंडानं कबूल करायची याची छाती होईना, म्हणून त्यानं सिनेमा लिहिला. एकतिसाव्या पानावर बाप पत्र लपवतो, शेवटच्या पानावर लेकीचे पाय धरतो. लेक बघेल, तिला उमगेल, एवढीच आस.

शूटिंगसाठी घेतलेलं घर आठवडाभरच मिळणार होतं, म्हणून शेवट आधी उरकला. नायक असा रडला की सगळ्या सेटचे डोळे ओले. मग एकतिसावं पान निघालं आणि नायकाच्या कपाळाला आठी पडली.

"मी पत्र चोरू? माझे चाहते काय म्हणतील?"

"अहो, मग शेवटी रडता ते कशापायी?" लेखकानं विचारलं.

"छान रडलो ना? मग झालं तर."

दिग्दर्शकानं लेखकाच्या खांद्यावर हात टाकला. "काका, एका पानाचं काय एवढं जिवाला लावून घेता? बघतो मी."

त्या 'बघतो'वर विसंबून लेखक पहिल्या खेळाला लेकीला घेऊन गेला. नजर पडद्यावर खिळलेली. नायक नाचला, गुंड लोळवले, आणि एकाएकी पिकल्या केसांनी लेकीच्या पायांशी कोसळला. "माझं चुकलं, पोरी."

"काय चुकलं ते तरी सांग की," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळं थिएटर खिदळलं.

लेकही हसता हसता डोळे पुसत होती. "बाबा, हा रडतोय कशाला? यानं केलंय तरी काय?"

देवानं दार सताड उघडून दिलं होतं हो. एक वाक्य, बस. लेखकानं घसा खाकरला.

"लिखाणच कच्चं आहे, बाळ."

"तुम्हीच लिहिलंत ना?"

"हो. मीच."

"चला मग. घरी भाजी चिरायची पडलीय."

नायकाला जग ओळखतं, लेखकाला शिव्या पडतात, ते सोडा. आज देवापुढे हात जोडाल तेव्हा, कपाटातल्या त्या पत्रावर जिचं नाव आहे, तिची तेवढी आठवण ठेवा. तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.