आधी फडकं, मग काडी

अरिहंतचं बारसं झालं, त्याच वर्षी माझा जन्म झाला. साल १९८८. मी एक जुनी, बिडाची, कणसं भाजायची गॅसची शेगडी आहे. आताची मुलं मला ग्रिल म्हणतात. मित्रांनो, तुम्ही काहीही म्हणा, मी ओ देईन.

मला सम्मेदनं घडवलं. तो कुपवाडला एका फौंड्रीत साचे करायचा. त्याची थोरली बहीण पद्मावती दुधगावला दिली होती. तिचे यजमान बाळगोंडा आण्णा आपल्या रानातली कणसं सांगलीच्या विश्रामबागेत, कॉलेजच्या वाटेवर गाडा लावून भाजून विकत. गाड्यावर तेव्हा शेणी, म्हणजे गोवऱ्या, जळायच्या. एकदा पद्मावतीबाईंनी शेणी मोडली, तर आतून पांढरी अंडी तोंडात धरून मुंग्या पळायला लागल्या. जैनाच्या घरातली बाई ती. तिनं शेणी अलगद बांधावर नेऊन ठेवली आणि त्या दिवशी गाडा लावूच दिला नाही.

हे ऐकून सम्मेद म्हणाला, "आक्का, तुला बिनशेणीची शेगडी करून देतो. एक मुंगी जळायची न्हाई."

भाच्याच्या, म्हणजे अरिहंतच्या, बारशाला त्यानं मलाच आणलं. बाळाला अंगडं-टोपडं आणायचं सोडून मामा लोखंड घेऊन आला, म्हणून बायका पदराआड हसल्या. पद्मावतीबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाल्या, "गॅस असला म्हणून काय झालं? आधी फडकं फिरवायचं, जीव बघायचा. मग काडी."

ती रीत कधी मोडली नाही. रोज आधी मऊ फडकं, मग निळी ज्योत. मीठ-लिंबू चोळलेल्या कणसाचा वास सुटला की कॉलेजची पोरं सायकली टाकून गोळा व्हायची. "आण्णा, माझं जरा करपू द्या," "आण्णा, माझं कवळं बघून द्या." ती मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, आपली पोरं घेऊन आली आणि त्यांना म्हणाली, "हीच ती शेगडी." ते ऐकताना मला जाळापेक्षा जास्त ऊब वाटायची.

मग बाळगोंडा आण्णा वारले. अरिहंत कचेरीत नोकरीला होता. गाडा बंद झाला. मला रानातल्या खोपटात नेऊन ठेवलं. अरिहंतच्या मनात वाईट नव्हतं. त्याला सपाट जागा दिसली, म्हणून त्यानं माझ्यावर खताची पोती रचली. ओल आली की खत पाझरायचं आणि माझ्या अंगात मुरायचं. आधी जाळी खरबरीत झाली. मग तिचे पापुद्रे सुटले. बर्नरची भोकं बुजली. गॅसची चावी जागच्या जागी अडकली. मित्रांनो, गंज दुखत नाही. म्हणूनच तो वाईट.

असाच काळ गेला. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला अरिहंतनं खोपट झाडायला काढलं आणि भंगारवाल्याला हाक मारली. मी त्याच्या काट्यावर चढणार, तोच बांधावरून पद्मावतीबाई आल्या. पाठीत वाकलेल्या, धाप लागलेली.

"खाली ठेव ती. तिच्याशी माझा नियम बांधलाय."

आमच्याकडे नियम घेणं म्हणजे देवापुढं हात जोडून एखादी वस्तू सोडणं. ठरवलेली गोष्ट घडेपर्यंत ती वस्तू तोंडाला लावायची नाही.

"कसला नियम, आई?"

"तुझं वडील गेलं तवा घेतला. ही शेगडी पुन्हा पेटल्याबिगर कणीस खायचं न्हाई."

अरिहंतनं भंगारवाल्याला हातानंच थांबवलं. "आगं, मला वाटलं दात न्हाईत म्हणून तू कणीस खात न्हाईस!"

"दात हायती की! तू कवा तोंडात बघितलंस माझ्या?"

"मग बोलायचं न्हाई व्हय?"

"नियम काय गावभर सांगायचा असतो?"

बाईंचं काळीज आता दमलं होतं. औषधाच्या गोळ्या वाढल्या होत्या. नियम अर्धवट ठेवून जायचं, एवढीच त्यांना भीती होती. आणि नवी शेगडी आणून तो सुटणार नव्हता. मीच पेटायला हवी होते.

सम्मेदमामाला बोलावलं. तोही आता म्हातारा झालेला. मला बघून तो आधी अरिहंतवरच घसरला. "भाच्या, खत काय पिकाला घालतोस का लोखंडाला?" मग त्यानं बाह्या सारल्या. नटांवर रॉकेल सोडलं आणि रात्रभर भिजू दिले. तारेच्या ब्रशनं मला घासलं. लाल भुकटी उडायची आणि खालचं करडं बीड दिसलं की तो लहान पोरासारखा म्हणायचा, "हाय, हाय, जीव हाय हिच्यात!" जाळी वाचली नाही, ती नवी केली. बर्नरचं एकेक भोक तारेनं मोकळं केलं. अंगाला शेंगतेल चोळून मला उन्हात ठेवलं. नवा जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक तोटी, करून आणायला मामा सांगलीला गेला, तोवर मी सोप्यात उघडीच होते.

जेट बसला. दिवस ठरला. दिवस मावळल्यावर बाई जेवत नसत, म्हणून सगळं उन्हं कलायच्या आत मांडलं. कवळी कणसं सोललेली होती. अरिहंतनं सिलिंडर जोडला आणि काडी ओढणार, एवढ्यात आईचा आवाज आला.

"थांब. जीव बघितला का?"

"आई, रॉकेलनं धुतलीया. आता कसला जीव?"

"बघ आधी."

कुरकुरत त्यानं बर्नरच्या नळीत बॅटरी मारली. आत मातीचा गोळा होता. कुंभारीण माशीनं घर बांधलं होतं, तोंड लिंपून आत आपलं पिल्लू ठेवलं होतं.

सम्मेदमामाचा चेहरा उतरला. "काडी वढली असतीस, तर गॅस मागं फिरून चावीपाशीच भडकला असता. आक्का तर म्होरंच बसलीया." तो तार घेऊन पुढं झाला. "थांब, काढून टाकतो."

बाईंनी हात आडवा घातला. "फुटंल ते."

"आगं आक्का, माशी हाय ती! तुझी तब्येत ही असली. कणसं संपत आली."

"माझा नियम कुणाचा जीव घेऊन सुटायचा न्हाई, सम्मेदा. थांबूया."

मित्रांनो, थांबणं सोपं नव्हतं. मका निबर होत चालला होता. पाटाकडंचा एक पट्टा उशिरा लावलेला होता, तेवढीच आशा. अरिहंत रोज कचेरीला जायच्या आधी नळीत बघायचा आणि मग आईच्या खोलीत. एका सकाळी बाई उठल्याच नाहीत, नुसत्या पडून राहिल्या. त्या दिवशी त्यानं नळीत बघितलं नाही. डॉक्टरांना आणलं. दुपारी त्या चहा प्यायल्या. म्हणाल्या, "जा, बघून ये."

तो आला. मातीला भोक पडलं होतं. नवी कुंभारीण नळीच्या काठावर पंख वाळवत बसली होती. तिनं उन्हात दोन हेलकावे घेतले आणि लिंबाच्या झाडाकडं गेली. अरिहंत अंगणातूनच ओरडला, "आई, उडाली! उडाली!"

मामानं नळी साफ केली, जोडावर साबणाचा फेस लावून गॅस गळत नाही ना ते बघितलं. मग पद्मावतीबाईंनी स्वतः माझ्यावर फडकं फिरवलं. काडी ओढली. ज्योत पेटली, निळी, सरळ, पहिल्यासारखी. माझ्या छातीवरून जणू सगळी पोती एकदम उतरली.

पाटाकडंचं कणीस त्यांनी सावकाश, दातांनी खाल्लं. सूर्य अजून वर होता.

"कसं हाय?" मामानं विचारलं.

"जरा करपलंय," त्या म्हणाल्या, आणि दुसरं मागितलं.

आता दर रविवारी मी अंगणात पेटते. एरवी मला कोरडी पुसून, तेल लावून झाकून ठेवतात. मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूवर ओझं रचण्याआधी एकदा तिच्यावर फडकं फिरवा. तिच्याशी कुणाचं काय बांधलेलं आहे, ते विचारा. आणि काडी ओढण्याआधी आत बघा.

पद्मावती बाळगोंडा पाटील २०२५ सालच्या माघात, सकाळी, दुधगावच्या घरी वारल्या. त्यांचा कोणताही नियम अपुरा राहिला नव्हता.