फुलीच्या पुढे दोन बोटं

घड्याळजीच्या दुकानाची दर्शनी काच सकाळी शटर वर करताना तडकली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. काच महाग होती म्हणून नव्हे. तशी काच आजही मिळते. पण तिच्यावरची सोनेरी अक्षरं त्याच्या बायकोने रंगवली होती आणि बायको आता नव्हती. खालच्या कोपऱ्यातून निघालेली भेग पहिल्या अक्षराच्या चार बोटं अलीकडे थांबल्यासारखी दिसत होती.

"थांबलीय कसली, दम खातेय," त्याने बोलावून आणलेले म्हातारे काचवाले म्हणाले. चाळीस वर्षांपूर्वी ही काच त्यांनीच बसवली होती. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. सोबत सून होती, सात वर्षं त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. पण गिऱ्हाइकासमोर बोलायचं ते सासऱ्यांनी, असा घरचा शिरस्ता होता.

त्यांनी घड्याळजीला समजावलं. भेगेचं टोक अणकुचीदार असतं, काचेतला सगळा ताण त्या टोकावर येतो. ऊन लागलं, दार आपटलं, की भेग पुढे सरकते. टोकावर बारीक गोल भोक पाडलं की टोक बोथट होतं, ताण भोवताली वाटला जातो आणि भेगेची मस्ती जिरते. "फक्त भोक मागे पडता कामा नये. नाहीतर टोक पुढे मोकळंच!"

असं म्हणून त्यांनी काचेला जवळजवळ नाक लावलं आणि पेन्सिलीने फुली मारली.

सुनेने वाकून पाहिलं. फुलीच्या पुढे, केसाहून बारीक, भेग आणखी दोन बोटं गेली होती. तिला ती स्वच्छ दिसत होती. सासऱ्यांना दिसत नव्हती.

गेल्या महिन्यात दोन तावदानं आखूड कापली गेली, तेव्हा त्यांनी खापर हत्यारावर फोडलं होतं आणि तिने मुकाट्याने नवी कापली होती. तिथे भीड चालून गेली. इथे चालली असती तर घड्याळजीची अक्षरं गेली असती.

"बाबा, फुली मागे पडलीय."

"कानामागून आली आणि तिखट झाली! तुझे डोळे माझ्यापेक्षा शहाणे झाले का?"

"शहाणे नाही, तरुण आहेत. शाई लावून बघू. तुम्हीच शिकवलंत."

तिने बोळ्याने शाई फासली, जरा थांबली आणि काच पुसली. भेगेत शिरलेली शाई तेवढी राहिली. निळी रेघ फुली ओलांडून गेली होती.

"अरे बापरे, गेलीय की!" घड्याळजी ओरडला.

सासरे बराच वेळ वाकून बघत राहिले. "हो, हो," ते म्हणाले, पण त्यांची नजर भलतीकडेच होती. सुनेने त्यांचं बोट धरून रेघेच्या टोकावर टेकवलं.

"इथपर्यंत. भोक इथे पाडते."

"पाड," ते हळूच म्हणाले.

तिने सावकाश ड्रिल चालवलं. काच तापू नये म्हणून सासरे ओला बोळा पिळून पाणी सोडत राहिले. मध्येच त्यांनी कान टवकारले. "दाब कमी कर, आरपार जायला आलंय." ते खरं निघालं.

भोक पडल्यावर तिने हात पुसले. "आता शटर खाली पाडा. जोरात."

"वेड लागलंय का?" घड्याळजी म्हणाला.

"आत्ताच कळू दे. पाडा."

घड्याळजीने डोळे मिटून शटर पाडलं. काच थरथरली. शटर पुन्हा वर गेलं.

"राहिली?" सासऱ्यांनी विचारलं. काच त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती, तरी त्यांनी विचारलं.

"राहिली, बाबा. भोकाच्या पुढे काही नाही."

घड्याळजी अक्षरांवरून हात फिरवत रडायला लागला. त्याचे आभार सासऱ्यांनी मध्येच तोडले.

"मला म्हणू नका. मला दिसतच नाही नीट. वर्ष झालं. घरी सांगितलं नव्हतं."

सुनेने ड्रिल पिशवीत ठेवलं. "उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

सासऱ्यांनी मान हलवली. मग घड्याळजीच्या देखत त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुकानाची पायरी उतरले.