बिनतोंडाची माहेरवाशीण

कोकिळानं वाटीत गुळाचं पाणी कालवलं आणि खोक्यावरची जाळी उचलली. आत चंद्रपतंगाची मादी बसली होती. पोपटी पंखांचं लुगडं नेसून, पंखांच्या शेपट्यांचे दोन्ही पदर लांब सोडून. लेकीनं, सुचितानं, ती कोशात होती तेव्हापासून जपलेली. सोनाळ्यात कोकिळाच्या दारी आलेली माहेरवाशीण आजवर उपाशी गेली नव्हती. हीच काऊन जावी? तिनं बोटावरचा थेंब पुढं केला.

"माय! काय करून राह्यली वं?" नववीतली सुचिता तक्ता टाकून धावली. "पंख चिकटतीन! तिले तोंडच नाही."

"तोंड नाही म्हंजे?"

"अळी होती तवा खाल्लं तेवढंच. आता आठक दिस जगीन, अंडे घालीन, मरीन."

उद्या शाळेत प्रदर्शन होतं. तक्त्यावर काही उणं असूनही जगणारे जीव: एकीकडं गंगेतला डॉल्फिन, दुसरीकडं हा पतंग. सुचितानं मायला समजावलं, डॉल्फिन जवळजवळ आंधळा; गढूळ पाण्यात आवाज सोडतो आणि परतलेल्या आवाजावरून मासा हुडकतो.

कोकिळाचं डोकंच फिरलं. "त्या आंधळ्याचं पोट तरी भरते! अन् हिले एवढं लुगडं देल्लं, तोंड द्याले देवाचा हात आखडला? बाईची जात दिसली काय त्याले?"

"नराले बी तोंड नसते, माय."

"मंग तर दोनदा चुकला मेला!" संतापाच्या भरात तिच्या ओठी ओवीच आली:

"पोपटी लुगड्याची लेक आली माहेराले,
तोंड नाही देल्लं देवा, घास भरवू कोनाले?"

मग तिनं विचारलं, "आंधळ्याले आवाज. हिले काय?"

"वास. सांजेनंतर ती वास सोडते, नर कुठून कुठून येते," सुचिता ऐटीत म्हणाली.

"अन् या घरात, खोक्यात कसा येईन थो?"

सुचितानं खोकं जवळ ओढलं. म्हणाली, "जिवंत पतंग कोनापाशीच नाही, माय. पहिला नंबर येईन."

"आठ दिसाचा जीव तिचा. त्यातले तुह्या नंबराले किती?"

"मंग उद्या काय दाखवू? रिकामं खोकं?"

"हाव, रिकामंच. इचारलं कोनी तर सांग, सासरी गेली."

सुचिताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं खोकं हिसकावलं, पाय आपटत कुंपणापाशी गेली आणि जांभळाच्या फांदीशी ते धरलं. मादी हलेना.

"जाय नं आता!" सुचिता तिच्यावरच खेकसली.

मादी सावकाश फांदीवर चढली. अंधारून आलं, तरी सुचिता तिथंच उभी. रागानं, आणि कोणी येतं का ते पाहत.