हिरवा दिवा आणि ओलं डस्टर

शाळेच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या, बाकं संपली, मग आया खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसल्या आणि बापमंडळी भिंतीला टेकून उभी राहिली. सगळ्यांच्या माना व्यासपीठावरच्या एका चकचकीत पेटीकडे वळलेल्या. पेटीवर शेजारी शेजारी दोन पितळी पट्ट्या, मध्ये बोटभर फट, आणि वर एक हिरवा दिवा. दोन्ही पट्ट्यांवर मिळून पंजा टेकवायचा. दिवा लागला तर मूल इंजिनिअर होणार, नाही लागला तर नाही. इतकं सोपं! उगीच लोक वर्षानुवर्षं अभ्यास करत बसतात.

पेटीचे मालक स्वतःला मेंदूमहर्षी म्हणवून घेत. अंगात डॉक्टरांसारखा पांढरा कोट, खिशाला पाच पेनं.

"प्रत्येक मेंदूतून अभियांत्रिकी लहरी निघतात, पालकहो!" माइक ओठांना चिकटवून ते सांगत होते. "सेकंदाला नऊ हजार! त्या तळहातातून झिरपतात आणि माझं यंत्र त्या पकडतं. यंत्र कधी खोटं बोलत नाही. खोटं माणूस बोलतो!"

यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं असावं, असं दाराशी उभ्या असलेल्या कानससरांना वाटलं.

कानससर म्हणजे शाळेच्या वर्कशॉपचे शिक्षक. टेक्निकल विषय घेणाऱ्या प्रत्येक मुलाला ते पहिला महिनाभर लोखंडाचा एकच ठोकळा कानशीने घासायला लावत, चारी बाजू काटकोनात येईपर्यंत. म्हणून हे नाव पडलं, आणि आता त्यांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कोणाला आठवत नव्हतं. आज त्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता. त्याला कारणही तसंच होतं. त्यांची मुलं वर्कशॉपचा तास संपवून थेट इथे आली होती, आणि लागोपाठ दहा जणांना दिव्याने नापास केलं होतं. चांगली मुलं नापास, बरी मुलं नापास, हातोडी उलटी धरणाराही नापास.

मग आला पाहुणा. हा मुलगा वर्कशॉपमध्ये पाहुण्यासारखा कधीमधी डोकावायचा, म्हणून पाहुणा. आजही तास बुडवून तो मैदानात चेंडू बडवत होता. खिळा आणि स्क्रू यांतला फरक त्याला अजून नक्की सांगता येत नसे. त्याने घामेजला पंजा टेकवला मात्र, दिवा भक्कन लागला!

"महान अभियंता!" महर्षी गरजले. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्याची आई डोळे पुसू लागली. पाहुणा स्वतःच सगळ्यांत जास्त चकित झाला होता.

इथे कुठेतरी पाणी मुरतंय, असं सरांच्या मनात आलं. पण कुठे, ते कळेना. आणि खरं सांगायचं तर त्यांना एक भीतीही वाटत होती. आपण इतकी वर्षं मुलांकडून लोखंड घासून घेतलं, ते सगळं वायाच गेलं की काय?

"घाबरू नका," महर्षी म्हणाले. "दिवा न लागलेल्यांसाठी आमचा गुप्तगुण जागृती वर्ग आहे. वर्षभर, रोज दुपारी." त्यांनी नापास झालेल्यांतल्या एकाला पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवला, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. त्यांच्या मदतनिसाने 'ऊर्जाजला'त भिजवलेल्या टॉवेलने पोराचा हात पुसला. पोराने पंजा टेकवला आणि दिवा लागला. सभागृह थक्क.

वर्कशॉपचा तासही दुपारचाच. म्हणजे जागृत व्हायचं असेल तर टेक्निकल सोडायचं. आणि पुढच्या वर्षीच्या टेक्निकलचे अर्ज आज चारच्या आत द्यायचे होते.

शेवटी चिमटी पुढे आली. टेबलाखाली, फटीत, कुठेही पडलेला स्क्रू ही मुलगी बोटांनी अलगद उचलायची. पंखा दुरुस्त करताना सर तिला शेजारी उभी करायचे, कारण खरखर नेमकी कुठून येते हे तिला त्यांच्याआधी ऐकू यायचं. सर दारातून व्यासपीठापाशी आले. तिने पंजा टेकवला.

दिवा लागला नाही.

तिचे वडील लिफ्टचे मेकॅनिक. कामावरून तसेच आलेले. त्यांच्या हातात तिचा अर्ज होता, सही तेवढी राहिली होती.

"वडील का?" महर्षी गोड हसले. "या, तुम्हीही हात ठेवा."

मेकॅनिकने हात पँटला पुसला आणि ठेवला. तारा, दोर, पाने ओढून ओढून त्या तळव्याची कातडी जोड्याच्या तळासारखी झाली होती. दिवा ढिम्म.

"बघा! रक्तातच नाही. मुलीची काय चूक?"

मेकॅनिकची मान खाली गेली. अर्ध्या शहरातली माणसं याच हातांच्या भरवशावर दहाव्या मजल्यावर जात होती. पण तो सरांकडे वळून हळूच म्हणाला, "सर, तुम्ही पोरीचं कौतुक करायचात म्हणून मीही स्वप्नं बघत होतो. जाऊ द्या. आपल्यातच नाही ते." आणि त्याने अर्जावर काट मारायला पेन काढलं.

सर संतापून ते पेन हिसकावायला निघाले. तेवढ्यात चिमटी पेटीकडे बघत म्हणाली, "सर, पट्टीवर माझा पांढरा पंजा उमटलाय."

सर पुढे गेले. पितळेवर खडूची भुकटी! कानशीच्या दातांत लोखंडाचा कीस अडकू नये म्हणून तिला आधी खडू चोळायचा, ही त्यांच्या वर्कशॉपची पद्धत. मुलं उत्साहाने हातांनाही चोळून घेत.

"बाबा, थांबा," चिमटी म्हणाली. "एकदाच मोजलेलं आम्ही माप धरत नाही. दुसऱ्यांदा मोजायचं असतं."

"यंत्र एका मेंदूला दिवसातून एकदाच वाचतं!" महर्षी घाईघाईने म्हणाले.

"मघाशी त्या मुलाला दोनदा वाचलंत की," पहिल्या रांगेतून मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. बाई आतापर्यंत टाळ्या वाजवत होत्या. आता त्यांनी चष्मा नीट केला.

चिमटी धावत नळावर गेली, हात धुतले आणि न पुसताच परत येऊन टेकवले. दिवा झगझगीत लागला.

"जागृत झाली! केवळ माझ्या सहवासाने!" महर्षींनी दोन्ही हात वर केले, आणि काय सांगावं, लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या! सरांनी कपाळाला हात लावला.

चिमटी मात्र गप्प बसणारी नव्हती. तिने फळ्याजवळचं डस्टर उचलून पट्ट्यांवर ठेवलं. दिवा नाही. मग बाईंच्या पेल्यातल्या पाण्यात ते बुडवलं, पिळलं, आणि पुन्हा ठेवलं.

दिवा लागला. पाहुण्याच्या वेळेपेक्षाही लख्ख.

मग खिडकीतली एक आजी मोठ्यांदा म्हणाली, "अहो महर्षी, या डस्टरला कुठल्या कॉलेजात घालायचं?" आणि सभागृह हसून हसून कोसळलं. महर्षी पेटीवर झडप घालायला गेले, पण बाईंनी पुढे होऊन ती आधीच सरांकडे सरकवली होती.

सरांनी चार स्क्रू काढून झाकण उघडलं. "या, जवळ येऊन बघा. एक बॅटरी, एक दिवा, दोन-चार सुटे भाग. लहर नाही न् बहर नाही. ओल्या वस्तूतून थोडी वीज वाहते, कोरडीतून जवळजवळ नाही. घामेजला हात, दिवा लागला. खडूचा किंवा कातडी घट्ट झालेला हात, नाही लागला. ते ऊर्जाजल म्हणजे मिठाचं पाणी असेल, चाखून बघा हवं तर. आमची आठवीची पोरं पहिल्या सहामाहीत हेच यंत्र बनवतात, कुंडीतली माती ओली आहे का बघायला! यांनी तुमची मुलं कुंडीसारखी तपासली."

मदतनीस टॉवेल टाकून मागच्या दाराने पसार झाला होता. बाईंनी महर्षींना शांतपणे आपल्या खोलीत चलायला सांगितलं आणि शिपायाला बरोबर दिलं.

"माझंही चुकलं," सर पुढे बोलले. "दहा मुलं नापास होईतो मी दाराशी गप्प उभा होतो. मलाही वाटलं, दिवा लागत नाही म्हणजे असेल काहीतरी. तुम्हाला एवढंच सांगतो. उद्या दुसरं कोणी दुसरी पेटी घेऊन येईल, पडद्यावर आकडे नाचवील. त्याला विचारा, हे नेमकं काय मोजतं? पुन्हा मोजलं तर तेच येतं का? विचारायला लाजू नका. जो चिडेल, त्याच्या हाती पोर देऊ नका."

मेकॅनिक अजून टेबलापाशीच होता. त्याने ओलं डस्टर उचललं, तळव्यात घट्ट दाबलं आणि हात पट्ट्यांवर ठेवला. हिरवा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला.

"म्हणजे हा फक्त पाणी बघत होता," तो म्हणाला. "मला बघतच नव्हता."

"नाही हो बाबा," चिमटी म्हणाली. "चार वाजत आले, सही करा ना."

त्याने तशाच ओल्या हाताने सही केली. शाई थोडी पसरली. सरांनी अर्ज घेतला, फुंकर मारून वाळवला, आणि सगळ्या अर्जांच्या वर ठेवला.