पोचा आलेली घागर

मी एक जुनी पितळी घागर आहे, आणि खोडियार मातेची शपथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा! खोटं निघालं तर माझ्या बुडाला भोक पडो.

मित्रांनो, शिहोरचा तांबट मला ठोकत होता तेव्हा त्या आवाजानं पार भावनगरची कुत्री भुंकली होती. रळियातच्या लग्नात बापानं मला करियावरात, म्हणजे आंदणात, दिलं. अंगणात खाटेवर सगळी भांडी मांडलेली, मी मधोमध. बायका म्हणाल्या, "घागर आहे की आरसा गं!" पुढं रोज तिच्या डोक्यावर बसून विहिरीवर जायचे. वाटेत ती माझ्याशीच बोलायची. दुसरं होतं कोण?

नवरा हरदास मारायचा. एकदा त्यानं हात उगारला, आणि मी फळीवरून अशी उडी घेतली की थेट त्याच्या अंगठ्यावर! महिनाभर लंगडला मेला. माझा हा पोचा तेव्हाचा.

रळियात कोर्टात गेली. हुकूम झाला: मारायचं नाही, त्याच घरात तिला खोली द्यायची, आणि करियावर तिच्या ताब्यात. तिला खोलीच हवी होती. बाप वारला होता, भावाचा भरवसा नव्हता, दुसरं छप्पर नव्हतं.

हुकूम बजावायला पोलिसासोबत सरकारी बाई मुक्ताबेन आल्या. पण रळियातचा भाऊ देवायत आधीच टेम्पो घेऊन हजर! भराभर भांडी चढवली. मी उंबऱ्याबाहेर पडले तशी सासू कडाडली, "करियावर निघाला, सोयरीक तुटली! आता कसली खोली?"

मुक्ताबेन म्हणाल्या, "आजी, कायद्यात असं नाही!"

"तुझ्या कायद्यात नसेल, आमच्या जातीत आहे."

पोलीस मिशीवर हात फिरवत म्हणाला, "रीतच आहे बेन ती."

रळियातच्या तोंडावर दार लागलं. मुक्ताबेन पुन्हा कोर्टात धावल्या. तेव्हापासून नुसत्या तारखा पडतायत.

माहेरी भाभीनं मला चिंचेनं लख्ख घासलं, फळीवर मिरवलं. मग म्हणाली, "रळियातबेन, भांड्यांनीच घर भरलं बाई. तुमची खाट गोठ्यात टाकते हं."

आता विहिरीवर भाभी मला नेते. रळियात शेण काढते. माझ्याकडं बघतसुद्धा नाही.

मित्रांनो, मार खाल्लेली बाई दारात आली तर आधी तिला जागा करा, भांडी मागून.

आणि हो, ती उडी खोटी. घागरी कुठं उड्या मारतात? त्यानंच मला उचललं होतं. हा पोचा रळियातच्या डोक्याचा आहे.