लाल बुटाचा सिनेमा

माझ्या नणंदबाई दर शुक्रवारी सिनेमाला जातात आणि दर शनिवारी मला फोन करतात. मी त्यांना ताई म्हणते. "मग, या महिन्यात किती पाहिलेत?" असं ताई इतकं सहज विचारतात, जणू दात घासले का म्हणून विचारतायत.

"अर्धा," मी सांगते.

"अर्धा कसा पाहतात गं?"

घरात मुकादम आले की तसाच पाहतात. मुकादम म्हणजे आमचा मुलगा. त्याला अजून चालता येत नाही, पण घरातल्या सगळ्या कामांवर त्याची देखरेख असते. स्वयंपाकघरात चटईवर बसून तो माझ्याकडे बघत असतो, आणि मी जरा टेकले की हरकत घेतो. चिडला की माझा कान धरतो, लाड आले तरी कानच धरतो. अंधार त्याला अजिबात खपत नाही. दिवे गेले म्हणजे काम बंद पडलं, अशी त्याची समजूत असावी. पहिल्यांदा त्याला घेऊन थिएटरात गेलो, तेव्हा पडद्यावरच्या स्फोटापेक्षा मोठा आवाज त्यानं काढला होता.

तेव्हापासून आम्ही एकच तिकीट काढतो. मध्यंतरापर्यंत एकानं आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेर मुकादमांना फिरवायचं. मध्यंतरात तिकीट, दुधाची बाटली, मूल आणि तोवरची गोष्ट, सगळ्याची अदलाबदल करायची. दारावरच्या बाईंची याला हरकत नाही. "एका तिकिटावर एक माणूस," त्या म्हणतात. "कुठला, ते तिकिटावर लिहिलेलं नाही."

त्या रविवारी उत्तरार्ध माझा होता. मी त्याची किती वाट पाहिली होती, हे ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे त्यांनाच कळेल. मुकादम आल्यापासून मी कशाच्याच शेवटापर्यंत पोचले नव्हते. चहाच्या नाही, आंघोळीच्या नाही, नवऱ्याशी काढलेल्या भांडणाच्यासुद्धा नाही. एक तरी गोष्ट मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत हवी होती. मग ती अर्धी कानांनी आणि अर्धी डोळ्यांनी का असेना.

मध्यंतरात नवरा बाहेर आला. तो बेकरीत कामाला आहे, पहाटे भट्टीपाशी उभा असतो, त्यामुळे रविवारीही त्याच्या भुवयांवर थोडा मैदा असतो. डोळे लाल झाले होते. रडवणारा दिसतोय सिनेमा, मी मनात म्हटलं, आणि पर्समध्ये रुमाल चाचपून घेतला.

"सांग पटकन."

"हं. तर, एकाचा बूट हरवलाय," तो म्हणाला.

"बूट?"

"लाल. एकच. तो शोधत निघतो. आधी भेटते एक उंच बाई. खूपच उंच. ती म्हणते, मी नाही पाहिला. मग एक जाड्या. चिखलात बसलेला."

"चिखलात कशाला?"

"आवडतं त्याला." तो मुकादमांचं नाक पुसण्यात फार गुंतला होता. "तोही म्हणतो, नाही पाहिला. मग मोठ्या डोळ्यांचा एक म्हातारा. रात्रभर जागा असतो."

"चौकीदार?"

"हां, चौकीदारच म्हण."

घंटा झाली. मी पळाले.

पडद्यावर कोर्ट भरलं होतं. पिंजऱ्यात एक वाळका माणूस उभा होता आणि एक उंच वकीलबाई त्याला फैलावर घेत होती. उंच बाई लगेच ओळखू आली. न्यायाधीश जाडे होते, पण स्वच्छ. चिखलातून उठून माणूस इथवर पोचला, याचं मला कौतुकच वाटलं.

शेजारच्या खुर्चीत एक काकू नुकत्याच येऊन टेकल्या. गाडी लावायला जागा मिळेना म्हणून त्यांचा पूर्वार्ध बुडाला होता.

"कशाची केस आहे हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"त्याचा बूट हरवलाय."

"बुटासाठी कोर्ट?"

"लाल होता."

"असं होय," काकू म्हणाल्या, आणि वळून पलीकडच्या गृहस्थांना सांगितलं. त्यांनी त्यांच्या पलीकडच्यांना सांगितलं. वाळका माणूस आईच्या आठवणीनं रडायला लागला तशा काकू कुजबुजल्या, "आईनंच घेतलेला असणार." मला ते एकदम पटलं. मी पर्समधला रुमाल काढला.

मग कारकुनानं एक सीलबंद खोकं आणून टेबलावर ठेवलं. आमची अख्खी रांग पुढे झुकली. सील फोडलं, झाकण निघालं. आत घड्याळ होतं.

"घड्याळ?" काकू चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या. "मग बूट कुठंय?"

"कसला बूट?" पुढून कुणीतरी वैतागून विचारलं.

"तुमचं लक्ष नव्हतं वाटतं," पलीकडचे गृहस्थ म्हणाले.

वाळका माणूस निर्दोष सुटला. पुढच्या रांगांमध्ये लोक डोळे पुसत होते. आमची रांग मात्र कपाळाला आठ्या घालून बाहेर पडली.

बाहेर नवरा खांद्यावर मुकादमांना थोपटत उभा होता.

"बूट सापडलाच नाही," मी म्हणाले.

"असं कसं? सापडतो की. घुबडाच्या..." तो थांबला.

"कुणाच्या?"

"चौकीदाराच्या घरी. म्हणजे मला आपलं वाटलं होतं तसं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी धुतलेली लाळेरी घेऊन खोलीच्या दाराशी आले, तेव्हा बापलेक गादीवर आडवे होते. कापडी पुस्तकातल्या बदकाची चोच मुकादमांच्या तोंडात होती. नवरा डोळे मिटून पाठ म्हणत होता. "जिराफमावशी, जिराफमावशी, तुला वरून सगळं दिसतं, माझा लाल बूट दिसला का? पाणघोडेकाका, पाणघोडेकाका, चिखलातून जरा उठता का?"

मी तिथंच उभी राहिले. म्हणजे हा बाबा माझ्या सिनेमात ढाराढूर झोपला होता, आणि मध्यंतरात मला बदकाची गोष्ट ऐकवली होती. राग आणि हसू दोन्ही एकदम वर यायला लागलं. मी रागाला आधी वाट दिली, पण शांतपणे.

"येत्या रविवारी मी पूर्वार्ध बघणार आहे. त्याच सिनेमाचा."

त्यानं डोळे उघडले. "ऐकलायस ना? मग तोच तोच काय बघायचा?"

"बूट नेमका कसा हरवला, ते बघायचंय."

त्या आठवड्यात तो फार गुणी झाला. न सांगता भांडी पुसली, दूध गार केलं, माझ्यासाठी पावाची मऊ कड काढून आणली. मी ती खाल्ली. माझा बेत ठरला होता. प्रत्येक प्रसंग लक्षात ठेवायचा आणि मध्यंतरात त्याच्यासमोर उभं राहून सावकाश, एकेक करून सांगायचा.

रविवारी दारापाशी तो म्हणाला, "कधी कधी दुसऱ्यांदा बघताना गोष्ट वेगळी वाटते हं."

"बघू," मी म्हणाले आणि आत गेले.

खुर्ची मऊ होती. डोकं टेकायला उजवीकडे छानसा खोलगट कोपरा होता. कुणी माझा कान धरला नव्हता. दिवे गेले आणि कुणीही रडलं नाही. पडद्यावर एक गल्ली आली, सायकल आली, मग नावं यायला लागली. नावं संपेपर्यंत डोळे मिटावेत, मी म्हटलं. नावांत कुठं बूट असतो.

"बाई," दारावरच्या बाई माझा खांदा हलवत होत्या. "मध्यंतर झालं."

बाहेर नवरा मुकादमांना छातीशी धरून उभा होता, निकाल ऐकायला आल्यासारखा.

"मग? कसा होता?"

मी त्याच्याकडे पाहिलं. भुवईवर मैदा, डोळ्यांखाली काळं, खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग. मुकादमांनी झेपावून माझा कान धरला.

"तू सांगितलास तसाच," मी म्हणाले. "बूट हरवतो."

तो माझ्या गालाकडे बघत राहिला. गालावर खुर्चीच्या कापडाच्या रेघा उमटल्या असणार, मला बोटांना लागत होत्या.

"जाड्या होता?" त्यानं हळूच विचारलं.

"होता."

"चिखलात?"

"गळ्यापर्यंत."

मी तिकीट त्याच्या हातात दिलं, आणि माझी शालही. "उजव्या कोपऱ्यात डोकं नीट बसतं," मी म्हणाले. "जा. उत्तरार्ध चुकवू नकोस."

आता आम्ही दर रविवारी जातो. कुठला सिनेमा लागलाय, ते बघायच्या भानगडीत पडत नाही. शनिवारी ताईंचा फोन आला तेव्हा मी आकडा सांगितला.

"एवढे? अगं, मग सगळ्यात चांगला कुठला वाटला?"

"तो लाल बुटाचा," मी म्हणाले.

"हां, तो होय," ताई म्हणाल्या. "आम्ही पहिल्याच दिवशी पाहिला. चांगला आहे, पण शेवट जरा ताणलाय."