सरकार पाडायला निघालेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे आणि अलिबागेतल्या एका सरकारी आवारात मुद्देमाल म्हणून उभी आहे. समुद्र इथून दिसत नाही. वारा फिरला तर वास तेवढा येतो. माझ्या डावीकडे जप्त केलेला डंपर आहे आणि उजवीकडे स्कूटरींची रांग. त्यांच्याशी बोलून पाहिले. त्यांना पोहता येत नाही, त्यामुळे विषय लवकर संपतात.

माझा जन्म रेवदंड्याच्या खाडीकाठी झाला. सुतारांनी सागाच्या फळ्या वाकवून जोडल्या, फटींत कापूस ठासला आणि मला पोटभर तेल पाजले. मालक करमअली यांनी माझे नाव तस्नीम ठेवले. आम्ही दोघांनी मिळून किती बोंबील आणि कोळंबी आणली त्याला गणती नाही. ते मला मुलगी म्हणत. त्यांची खरी मुलगी मुनिरा यावर फुगून बसे.

आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हिंदू काय, मुसलमान काय, नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी समुद्रात जात नाही. साऱ्या वाडीने दोर धरून होड्या भरतीच्या रेषेच्या पार वर ओढायच्या आणि नारळाच्या झापांनी शाकारून ठेवायच्या, अशी रीत आहे. त्या दिवसांत करमअली मला फोटोवाल्यांना भाड्याने देतात. लग्न ठरलेली जोडपी माझ्यात बसून लांबवर बघतात. लांबवर काही नसते.

गेल्या आषाढात ओंकार नावाचा मुंबईचा गृहस्थ मला ठरवून गेला, तेव्हा हेही फोटोचेच काम, असे करमअली धरून चालले. तसे नव्हते. चौलच्या एका बंगल्यात दूरच्या बेटांवरच्या एका देशाचे माजी मंत्री राहत होते. ओंकार त्यांचाच माणूस. मंत्र्यांना आपल्या देशाचे सरकार उलथवायचे होते. माझ्यातून खोल समुद्रातल्या जहाजापर्यंत आणि तिथून थेट सत्तेवर, असा बेत होता. पावसाळ्यात समुद्रावर गर्दी नसते, हे त्यांनी नीट अभ्यासले होते. का नसते, हे अभ्यासायचे राहिले.

ठरल्या दिवशी दुपारी ते आपली माणसे घेऊन आले. खोकी चढवली आणि माझ्यात ओळीने बसले. मंत्र्यांनी पदकांच्या कोटावर तरंगायचे जाकीट घातले होते. भरती आली, खाली बऱ्याच अंतरावर थांबली आणि परत गेली. करमअली चहा घेऊन आले.

"चाचा, भरती कधी येणार?" ओंकारने विचारले.

"आली नि गेली पन."

"मग बोट का नाही हलली?"

"ती नारळी पुनवेला हलंल. फोटोच काढायचेत ना? हलली तर खराब येतील."

पौर्णिमा अलीकडे घेता येईल का, अशी मंत्र्यांनी चौकशी केली. मग सगळ्यांनी उतरून मला ढकलले. मी हलले नाही. शेवटी ओंकारने वाडीची मदत मागितली. कोणालाच काम नव्हते, त्यामुळे सगळे दोर घेऊन आनंदाने आले. ओढण्याआधी होडी रिकामी करायची असते, म्हणून बायकांनी खोकी उतरवायला घेतली. मुनिराच्या हातातल्या खोक्याचे झाकण निघाले.

"अब्बा, फोटोला एवढ्या जड बंदुका कशाला?" ती म्हणाली.

मंत्र्यांनी चहाचा कप खाली ठेवला. बंदुका खोक्यांत होत्या आणि खोक्यांवर वाडीच्या बायका बसल्या होत्या. पोलीस येईपर्यंत बंड दोराने बांधून झाले होते. दोर आणलेलाच होता.

माझा फोटो वर्तमानपत्रात आला. मला हार घातला आणि त्याच दिवशी मुद्देमालाचा क्रमांक अडकवून ट्रॉलीवरून इथे आणले. एका देशाचे सरकार वाचले. त्या सरकारला मी कुठे आहे हे ठाऊक नसावे.

मित्रांनो, लाकडी होडीला पाणी लागते. ते नसले की फळ्या आकसतात. पाऊस होता तोवर निभावले. मग ऊन तापले. करमअली तेल घेऊन आले. पहाऱ्यावरचे विनेश हवालदार भले माणूस, पण म्हणाले, पुराव्याला हात लावता येत नाही, तो आहे तसाच राहिला पाहिजे. तेलाचा डबा परत गेला. त्याआधी, पाऊस होता तेव्हाच, नारळी पौर्णिमेला दूरवर वाजंत्री वाजली होती. मी डंपरला सांगितले, आज आमच्याकडे सगळ्या होड्या पाण्यात उतरतात. करमअली आता दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जातात.

गेल्या आठवड्यात कोर्टाने मला सोडायचा हुकूम दिला. करमअली आणि मुनिरा आले. करमअलींनी माझ्या दोन फळ्यांमध्ये बोट घातले. ते आरपार गेले.

मुनिरा म्हणाली, "अब्बा, ही आता पान्यात न्हाय टिकायची."

"हिच्यासमोर नको बोलूस," करमअली हळूच म्हणाले.

मग ट्रॉली बघून येतो म्हणून ते गेले. अजून आलेले नाहीत. ट्रॉल्या मिळत नसतील.

तुमच्यातले काही जण उद्या फौजदार होतील, काही न्यायाधीश. तेव्हा एवढे करा: जप्त केलेली होडी दिसली, तर खटला चालेल तितका चालू द्या, पण तिच्यावर रोज बादलीभर पाणी ओता. आणि जमल्यास, तिच्याशी दोन शब्द बोला.